फर्लांग: नांगराच्या तासाची लांबी

सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या मराठी माणसाला फर्लांग म्हणजे किती, हे सांगावं लागत नाही. देऊळ वेशीपासून दोन फर्लांगांवर, शाळा स्टँडपासून फर्लांगभर, अशीच अंतरं तेव्हा सांगितली जायची. शाळेत कोष्टक घोकून घेतलं जायचं: बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा यार्ड, २२० यार्डांचा फर्लांग आणि आठ फर्लांगांचा मैल. बारा, तीन आणि आठ हे आकडे समजण्यासारखे आहेत. त्यांचे भाग सहज पडतात, बोटांवर हिशेब होतो. पण मध्येच हे २२० कुठून आलं? कुठल्या राजाने किंवा पंडिताने ते बसून ठरवलेलं नाही. त्याचा उगम इंग्लंडच्या ओल्या, चिकट शेतजमिनीत आणि तिथे राबणाऱ्या बैलांच्या दमात आहे.

शब्दाची फोड साधी आहे. जुन्या इंग्रजीत ‘फुर्ह’ म्हणजे नांगराचं तास, म्हणजे फाळ जमीन चिरत गेल्यावर मागे उमटणारी चर. ‘लांग’ म्हणजे लांब. दोन्ही जोडून ‘फुर्लांग’, म्हणजे एका तासाची लांबी. बैल न थांबता एका दमात जिथवर नांगर ओढतील तिथवरचं अंतर. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये हा शब्द कुणबिकीचा होता. शेतात उभ्या असलेल्या माणसाला तो समजावून सांगायची गरज नव्हती.

पण तास इतकं लांब कशासाठी? त्यासाठी तिथला नांगर पाहावा लागतो. भूमध्य समुद्राकाठच्या हलक्या, कोरड्या जमिनीत जमीन नुसती उकरणारा हलका नांगर पुरायचा. इंग्लंडच्या मध्य भागातली चिकणमाती त्याला दाद देत नसे. तिथे भारी नांगर आला. त्याला पुढे जमीन उभी कापणारी लोखंडी सुरी, तिच्यामागे ढेकूळ तळातून सोडवणारा फाळ आणि बाजूला ती ढेप उलटी पाडणारी लाकडी फळी. हे धूड ओढायला बैलही तेवढेच लागत. विजेता राजा विल्यमने १०८६ साली सगळ्या मुलखाची मोजदाद करून घेतली, ती ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात गावोगावचे नांगर मोजले आहेत आणि एका नांगरामागे आठ बैल धरले आहेत. प्रत्यक्षात कुठे सहाच असत, कुठे चार. पण हिशेब आठांचा. दख्खनच्या काळ्या रानात सहाबैली, आठबैली नांगर चालायचे, हे ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंय त्यांना या आकड्याचं नवल वाटणार नाही.

आठ बैल एकट्या कुळाच्या दावणीला नसत. एकाचे दोन, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचा एक, असे मिळून नांगर चाले. आपल्याकडे याला सावड म्हणतात. उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये तर जमिनीचं मापच या सावडीवरून पडलं होतं. आठ बैलांचा नांगर वर्षभरात जेवढी जमीन वाहील तो एक घटक, आणि त्याचा आठवा भाग म्हणजे एका बैलाच्या वाट्याची जमीन. ती साधारण पंधरा एकर धरली जाई. कुणाकडे किती जमीन, हे तो किती बैलांचा धनी यावरून कळायचं.

आठ बैल म्हणजे एकामागे एक चार जोड्या. ही लांबलचक माळ शेताच्या टोकाला जाऊन वळवायची, नांगर उचलून फिरवायचा, पुन्हा तासाला लावायचा, हे कष्टाचं आणि वेळखाऊ काम. चौकोनी शेत असेल तर वळणंच वळणं. म्हणून शेतकऱ्यांनी पट्ट्या लांब आणि अरुंद पाडल्या. वळणं कमी व्हावीत म्हणून पट्टी जेवढी लांब करता येईल तेवढी करायची. पण भारी जमिनीत ओढ लागून बैल धापा टाकू लागतात, त्यापुढे ती नेण्यात अर्थ नाही. या दोन अडचणींचा मेळ जिथे बसला ते अंतर सुमारे २०० मीटर. टोकाला पोचलं की बैल वळताना तेवढाच विसावा घेत.

या कामाचं एक जवळून घेतलेलं चित्र आपल्याला मिळालं आहे, तेही एका संन्याशाकडून. इसवी सन १००० च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या मठवासी शिक्षकाने मुलांना लॅटिन शिकवायला संवादांचं एक पुस्तक लिहिलं. त्यात गुरुजी निरनिराळ्या धंद्यांच्या लोकांना त्यांचं काम विचारतात. नांगऱ्याला विचारतात तेव्हा तो सांगतो, की पहाटेच बैल रानात न्यावे लागतात, कितीही कडाक्याची थंडी असली तरी मालकाच्या धाकाने घरी राहता येत नाही. बैल जुंपून, फाळ आणि सुरी बसवून रोज पुरा एक एकर किंवा जास्तच नांगरावं लागतं. सोबत पराणी घेतलेला एक पोरगा असतो, थंडीने आणि ओरडून ओरडून त्याचा घसा बसलेला असतो. पुढे चारा घालणं, पाणी पाजणं, शेण काढणं हेही नांगऱ्याच्याच माथी. आपण स्वतंत्र माणूस नाही, हे तो शेवटी सांगतो. व्याकरणाच्या पुस्तकात एवढं खरं दुःख क्वचितच उमटलं असेल.

रोजचा एक एकर म्हणजे किती चाल? हा हिशेब तेराव्या शतकात वॉल्टर ऑफ हेन्ली याने मांडून ठेवला आहे. शेतीची व्यवस्था कशी ठेवावी यावर त्याने ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं: पट्टी एक फर्लांग लांब आणि ६६ फूट रुंद. तासं जरा जवळजवळ घेतली तर ३६ फेऱ्यांत पट्टी नांगरून होते. एका फेरीत जाणं आणि येणं, म्हणजे ७२ फर्लांग. आजच्या भाषेत ९ मैल, साडेचौदा किलोमीटर. एवढं अंतर दुपारपर्यंत जो बैल चालू शकणार नाही तो फारच मरतुकडा, असं त्याचं मत. पहाटे निघायचं आणि दुपारी जू उतरवायचं, कारण बैलांना पोटभर चरायलाही वेळ हवा.

म्हणजे फर्लांग ही एकाच कोष्टकाची एक बाजू होती. एक फर्लांग लांब आणि त्याच्या दशांशाने रुंद अशी पट्टी म्हणजे एक एकर, एका दिवसाची नांगरट. लांबी ठरली बैलांच्या दमावर आणि रुंदी ठरली दिवसाच्या उजेडावर. मोजायला दोरी किंवा पट्टी हाती येण्याआधी माप असं अंगमेहनतीत मुरलेलं होतं.

या पट्ट्यांच्या खुणा अजून जमिनीवर आहेत. भारी नांगराची फळी माती नेहमी उजव्या अंगाला टाकायची. नांगऱ्या पट्टीच्या मधोमध सुरुवात करून भोवताली फेरे घेई, त्यामुळे माती वर्षानुवर्षं मध्याकडे सरकत गेली आणि पट्टीला उंचवटा आला. दोन पट्ट्यांमधल्या खोलगट जागेतून पावसाचं पाणी वाहून जाई. मध्य इंग्लंडमध्ये जिथे पुढे गायरानं झाली आणि पुन्हा नांगर लागला नाही, तिथे हे उंचवटे आणि चरी आजही दिसतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हात विमानातून घेतलेल्या फोटोंत तर सगळं रान लाटांसारखं उमटतं. नीट पाहिलं तर या पट्ट्या सरळ नसतात. इंग्रजी ‘एस’ अक्षर उलटं काढावं तसा त्यांना हलका बाक असतो. टोक जवळ आलं की बैलांची लांब माळ आधीपासूनच डावीकडे झुकवायची, म्हणजे शेवटी वळण सोपं जातं. त्या झुकण्याचा ठसा मातीवर राहिला. हजार वर्षांपूर्वीच्या बैलांची चाल इतकी स्पष्ट जपणारं दुसरं काही क्वचितच सापडेल.

शेजारी-शेजारी एकाच दिशेने गेलेल्या अशा पट्ट्यांच्या गटालाही फर्लांगच म्हणत. गावाचं रान दोन-तीन मोठ्या वाटांत विभागलेलं, प्रत्येक वाटात असे अनेक फर्लांग, आणि एकेका शेतकऱ्याच्या पट्ट्या सगळीकडे विखुरलेल्या. चांगली जमीन, हलकी जमीन, पाणथळ जमीन, सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी. कुंपण नव्हतं, म्हणून काय पेरायचं आणि गुरं कधी सोडायची हे गावाने मिळून ठरवायचं. ही पद्धत कायद्याने मोडत गेली. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर उघडी जमीन कुंपणात घातली. इंग्लंडच्या एकूण क्षेत्राचा पाचवा हिस्सा. अनेक गरीब कुटुंबांचा चराईचा आणि सरपणाचा हक्क त्यात बुडाला, आणि इंग्लंडच्या शेतीच्या इतिहासातलं हे पान आजही अभ्यासकांत वाद पेटवतं.

नॉटिंगहॅमशायर परगण्यातलं लॅक्स्टन हे गाव मात्र या लाटेतून वाचलं. तिथे अजून तीन मोठी उघडी रानं आहेत आणि त्यांत आळीपाळीने पिकं घेतली जातात. १६३५ साली काढलेला गावाचा तपशीलवार नकाशाही उपलब्ध आहे. हिवाळ्याच्या तोंडाला गावातले पंच रानात उतरतात, हद्दीच्या खुंट्या पाहतात, कुणी सामायिक गवती पट्टीवर नांगर घातला असेल तर त्याची नोंद करतात. मग गावसभेत त्याला दंड होतो. दंडाची रक्कम नाममात्र, पण चार लोकांत नाव निघालेलं कुणाला आवडत नाही. ट्रॅक्टर आल्यावर पट्ट्या रुंद झाल्या, पण कारभार जुनाच आहे.

आता २२० च्या कोड्याकडे. शेतातलं तास जमीन पाहून थोडं लांब-आखूड व्हायचं. सरकारी व्यवहाराला मात्र एकच माप लागतं. ते आलं काठीतून. इंग्लंडमध्ये जमीन काठीने मोजत. चाळीस काठ्यांचा फर्लांग आणि चार काठ्या एकराची रुंदी. ही काठी साडेसोळा फुटांची. साडेसोळा हा आकडा कुणीही मुद्दाम निवडणार नाही. जुन्या मापांच्या अभ्यासकांचं मत असं, की ही काठी मुळात पंधरा फुटांचीच होती, पण जुना फूट आजच्यापेक्षा दहाव्या भागाने मोठा होता. तेराव्या शतकाच्या शेवटी, किंवा त्याच सुमारास, सरकारने लहान फूट चालू केला. तेव्हा काठीही लहान केली असती तर प्रत्येक गावातल्या प्रत्येक शेताचं क्षेत्र कागदोपत्री बदललं असतं. सारा, खंड, वाटण्या, सगळ्यांत गोंधळ. म्हणून काठी, फर्लांग आणि एकर यांना हात लावला नाही. फक्त काठीत आता पंधराऐवजी साडेसोळा फूट मोजायचे असं ठरलं. चाळीस गुणिले साडेसोळा म्हणजे ६६० फूट, आणि ६६० फूट म्हणजे २२० यार्ड.

पुढे मैलावरही हीच पाळी आली. मैल रोमन लोकांचा: पाच हजार फूट, आणि त्यात आठ ‘स्टेडियम’. हे धावण्याच्या मैदानाच्या लांबीवरून पडलेलं ग्रीक-रोमन माप. मठातले लेखक लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणताना स्टेडियमसाठी घरचा फर्लांग हाच शब्द वापरू लागले. त्यामुळे मैलात आठ फर्लांग, ही समजूत रुजली. पण पाच हजार फुटांत ६६० फुटांचे आठ फर्लांग बसतच नाहीत, साडेसातच्या थोडं वर जाऊन गाडी अडते. कुणीतरी माघार घेणं भाग होतं. १५९३ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, लंडनच्या वेशींपासून तीन मैलांच्या आत नवी बांधकामं रोखणारा कायदा झाला. त्यात मैल म्हणजे किती, हे सांगणं आलं. कायद्याने सांगितलं: आठ फर्लांग, प्रत्येक फर्लांग चाळीस काठ्यांचा, प्रत्येक काठी साडेसोळा फुटांची. म्हणून मैल ५,२८० फुटांचा झाला. रोमन साम्राज्याच्या रस्त्यांवरचं माप नांगराच्या तासापुढे नमलं, आणि त्यात काही वावगं झालं असं म्हणता येत नाही. मैल ताणला तर कुणाचं बिघडत नव्हतं. फर्लांग हलला असता तर कुणाची ना कुणाची जमीन हलली असती.

एकराचं कूळ तर आणखी जुनं. जुन्या इंग्रजीत ‘एकर’ म्हणजे नुसतं शेत. जर्मन ‘आकर’, लॅटिन ‘आगेर’, ग्रीक ‘अग्रोस’ ही त्याची भावंडं आहेत आणि संस्कृतातला ‘अज्र’, म्हणजे मोकळं रान, हाही त्याच घरातला. मुळाशी हाकणं या अर्थाचा धातू मानतात, संस्कृतात तो ‘अज्’ असा येतो. गुरं जिथे हाकायची ती जागा, मग पेरायची जागा, मग दिवसभरात नांगरून होणारी जागा आणि शेवटी ४३,५६० चौरस फूट. रोमन लोकांकडेही बैलांच्या जुवावरून नाव पडलेलं जमिनीचं माप होतं आणि तेही एका जोडीच्या एका दिवसाच्या नांगरटीएवढं, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय. जर्मन शेतकऱ्याच्या मापाचं नाव तर सरळ ‘मॉर्गन’, म्हणजे सकाळ.

१६२० मध्ये एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने या सगळ्या पसाऱ्याला शिस्त लावली. त्याने चार काठ्यांएवढी, म्हणजे ६६ फुटांची लोखंडी साखळी केली आणि तिचे शंभर दुवे पाडले. दहा साखळ्या म्हणजे फर्लांग, ऐंशी म्हणजे मैल, दहा चौरस साखळ्या म्हणजे एकर. बैलाच्या मापाला त्याने दशमानाची जोड दिली, आणि तीही त्या मापाला धक्का न लावता. मोजणीच्या इतिहासात इतकी समंजस सुधारणा फारशी आढळत नाही. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते ती याच साखळीएवढी. १७४४ च्या पहिल्या लिखित नियमांपासून ते माप बदललेलं नाही. अमेरिकेत १७८५ पासून सरकारी जमीन याच साखळीने चौरस मैलांत कापली गेली, आणि शिकागो शहरात आजही मैलाला आठ गल्ल्या धरतात, म्हणजे गल्ली एक फर्लांगाची.

साखळी महाराष्ट्रातही आली. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्या पद्धतीची जमीनमोजणी आणि आकारणी सुरू केली आणि पुढे ती मुंबई इलाखाभर पसरली. बिघे, पांड, काठ्या हळूहळू मागे पडले आणि त्यांच्या जागी एकर-गुंठे आले. भूमापनाची शंकू साखळी ३३ फुटांची, म्हणजे गंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी, आणि तिचे शंभरऐवजी सोळा भाग पाडलेले, आणे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आपल्या गुंठ्याची बाजू म्हणजे इंग्लंडच्या त्या फर्लांगाचा विसावा भाग. बार्शीत किंवा सांगोल्यात भाऊबंदकीचा वाद एका गुंठ्यावर अडतो, तेव्हा तो गुंठा मुळात परक्या मुलखातल्या आठ बैलांच्या चालीवरून आलेला असतो.

१९५६ च्या कायद्याने भारतात दशमान मापं आली. सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर असतात. पण एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१, इतके ते जवळ आहेत, की गावात बोलताना दोन्ही एकच धरले जातात आणि तोंडी व्यवहार एकर-गुंठ्यातच होतो. फर्लांग मात्र बोलण्यातून गेला. पूर्वी रस्त्याकडेला मैलाच्या दोन दगडांमध्ये फर्लांगाचे दगड असत. किलोमीटर आल्यावर त्यांच्या जागी दर २०० मीटरला दगड लावायची पद्धत पडली. फर्लांग २०१ मीटरचा, त्यामुळे दगडांमधलं अंतर जवळजवळ तेच राहिलं.

घोड्यांच्या शर्यतींनी तो शब्द सोडलेला नाही. इंग्लंडमध्ये आजही घोडा किती फर्लांगांचा, असंच बोलतात. १७८० साली सुरू झालेली एप्सम डर्बी पहिली काही वर्षं एक मैलाची होती; १७८४ पासून ती दीड मैलाची, म्हणजे बारा फर्लांगांची आहे. मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर होणारी इंडियन डर्बी २,४०० मीटरची असते. बारा फर्लांगांना हे अंतर फक्त १४ मीटर कमी पडतं.